दोन गावे, दोन्हीकडची घरे

आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्या भांडणाच्या बातम्या आपण अनेक वर्षे वाचत आलो आहोत. एक देश ख्रिस्ती, दुसरा मुस्लिमबहुल. तेवढ्यावरून आपण मनातल्या मनात बाजू ठरवून मोकळे होतो. म्हणून आज आम्ही वाचकांना तिथल्या दोन लहान गावांची हकिकत सांगत आहोत.

पहिले गाव आर्त्सवाशेन. अझरी लोक त्याला बाशकेंद म्हणतात. आर्मेनियन लोकांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेले हे गाव, गालिच्यांसाठी ओळखले जाणारे. गावाची जमीन सुमारे 40 चौरस किलोमीटर. सोव्हिएत राजवटीने आखलेल्या सरहद्दीत गाव आर्मेनियाचे राहिले, पण चहूबाजूंची जमीन अझरबैजानकडे गेली. दोन्ही प्रजासत्ताके एकाच संघात होती, तोवर येण्याजाण्यात अडचण नव्हती. 1991 मध्ये संघ मोडला आणि तीच रेघ दोन देशांची सीमा झाली. काराबाखचे युद्ध पेटले. 8 ऑगस्ट 1992 रोजी अझरबैजानच्या फौजेने गाव घेतले. रहिवासी आर्मेनियात निघून गेले. त्यांतले कित्येक चांबाराक भागात राहिले. आज गावाचा कारभार अझरबैजानचा गदाबेय जिल्हा पाहतो.

दुसरे गाव कर्की. इथे सगळे उलट. गाव अझरबैजानच्या नखचिवान प्रांताचे, पण वेढा आर्मेनियाच्या भूमीचा. वस्ती अझरी मुसलमानांची. जानेवारी 1990 मध्ये आर्मेनियन सशस्त्र गटांनी ते ताब्यात घेतले आणि गावकऱ्यांना नखचिवानमध्ये आसरा घ्यावा लागला. आता आर्मेनियात त्याचे नाव तिग्रानाशेन. येरेवानहून दक्षिणेला इराणकडे जाणारा महामार्ग तिथूनच जातो.

हा केवळ धर्माचा झगडा असता, तर इराणसारख्या मुस्लिम देशाचे आर्मेनियाशी सलोख्याचे संबंध राहिले नसते. झगडा जमिनीचा आणि रस्त्यांचा आहे. घरे मात्र दोन्हीकडच्या साध्या माणसांची गेली.

असा गुंता आपल्याकडेही होता. कूचबिहारजवळ भारताचे 111 भूभाग बांगलादेशात आणि बांगलादेशाचे 51 भूभाग भारतात अडकले होते. 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री त्यांची अदलाबदल झाली. कोणत्या देशाचे नागरिक व्हायचे, हे तिथल्या लोकांना विचारले गेले. आर्त्सवाशेन आणि कर्कीच्या लोकांना कुणी काही विचारले नाही.

8 ऑगस्ट 2025 रोजी वॉशिंग्टनमध्ये दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरे केली. आर्त्सवाशेन पडल्याला त्याच दिवशी 33 वर्षे पूर्ण झाली. मसुद्यात सोव्हिएत काळच्या सीमा मान्य केल्या आहेत. प्रत्यक्ष आखणीचे काम सीमा आयोगांकडे आहे. हा नियम कर्की अझरबैजानची ठरवतो, तसाच आर्त्सवाशेन आर्मेनियाचे ठरवतो. एका गावाला लावायचा आणि दुसऱ्याला नाही, असे करून चालणार नाही.

साक्ष आपल्याच माणसांविरुद्ध जात असली तरी इन्साफ सोडू नये, ही आपल्या दीनची शिकवण आहे. उद्या घरात मुलांनी बातमी पाहून विचारले, "यातले आपले कोण?" तर त्यांना आधी कर्कीची गोष्ट सांगा आणि लगेच आर्त्सवाशेनचीही सांगा.