रेषेवरून मैदानात

रग्बी लीग हा १३-१३ गड्यांचा, अंगावर धावून जाण्याचा खेळ. सहाव्यांदा गडी पाडला गेला की चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. आणि दर वेळी बचाव करणाऱ्यांनी १० मीटर मागे हटायचे असते. ते हटले की नाही हे सांगणाऱ्या पंचालाही गड्यांच्या बरोबरीने धावावे लागते. शिटी फुंकणे हे त्यातले सोपे काम!

बेलिंडा शार्प या क्वीन्सलँडमधल्या रॉकहॅम्प्टनच्या. २०१४ साली त्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेषापंच झाल्या. कडेला उभे राहून निशाण दाखवणाऱ्या बाईवर फारसे कोणी रागावत नाही; मैदानात शिटी वाजवणारीची गोष्ट निराळी. त्या आत जायला पाच वर्षे लागली. १८ जुलै २०१९ रोजी, ब्रिस्बेनच्या ब्रॉन्कोज-बुलडॉग्ज सामन्यात, त्या या स्पर्धेच्या पहिल्या महिला पंच ठरल्या. त्या काळी पंच दोघे असत; बाई त्यांतल्या साहाय्यक. ही दुहेरी पद्धत २०२० साली बंद झाली.

म्हणजे प्रश्न उरलाच: बाईच्या हाती एकटीने सामना द्यायचा का? ऑक्टोबर २०२२ मध्ये पुरुषांच्या विश्वचषकात, इंग्लंडमधील सेंट हेलेन्स येथे, टोंगा-वेल्स सामना केसी बॅजर यांच्याकडे सोपवला गेला. मैदानात दुसरा पंच नव्हता.