वकिलाचें बिल आणि अशिलाचे कागद

मुंबईच्या उच्च न्यायालयांत बिलें तपासण्यासाठीं टॅक्सिंग मास्टर असतो. सातारा-सांगलीच्या न्यायालयांत तशी सोय नाहीं. मग फी अवाजवी वाटल्यास अशिलानें काय करावें?

प्रथम हिशेब मागावा, आणि तो लेखी मागावा. आपल्याकडे वकीलसाहेबांकडून पावती मागण्यास माणूस संकोचतो. वाद तेथेंच रुजतो. अशिलाकडून आलेली रक्कम, झालेला खर्च व फी यांचा तारीखवार हिशेब ठेवणें आणि मागितल्यास त्याची नक्कल देणें हें बार कौन्सिलच्या नियमांनीं वकिलावर बंधनकारक केलें आहे. निकालावर अवलंबून फी ठरविण्यासही मनाई आहे.

खरी अडचण निराळीच असते. "आधीं बाकी द्या, मग कागद", असें उत्तर मिळतें, आणि इकडे अपिलाची मुदत सरत असते. मध्यप्रदेशांतील एका सहकारी बँकेच्या वकिलानें ९७,१०० रुपयांसाठीं असेच कागद अडविले होते. सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं त्यास ठपका देऊन निर्णय दिला कीं, फीसाठीं वकिलास कागद अडवून ठेवतां येत नाहींत. त्यानें वसुलीचे इतर मार्ग धरावे.

रकमेचा वाद दिवाणी न्यायालयांत चालतो. गैरवर्तन असेल तर १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या ३५ व्या कलमाखालीं महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करावी. तेथील निर्णयावर साठ दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे अपील होतें. ग्राहक आयोगाचा दरवाजा मात्र मे २०२४ च्या निकालानें बंद झाला आहे.