वसमतची हळद आणि पाण्याचं गाडं

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिला पिवळा रंग देणाऱ्या कर्क्युमिनचा औषधी लौकिक मोठा. अडचण एकच, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. गिळलं तरी रक्तात फारच थोडं पोचतं.

इथे हायड्रोजेल कामी येतं: पाणी धरून ठेवणारं रेणूंचं जाळं. अनेक जेलमध्ये धागे पक्क्या रासायनिक बंधांनी जखडलेले असतात. सुप्रामॉलिक्युलर जेलमध्ये ते हायड्रोजन बंधांसारख्या दुबळ्या ओढीने धरलेले असतात, म्हणून सुटतात आणि पुन्हा जुळतात. सुईतून सरकून शरीरात परत घट्ट होणारी जेल यामुळेच शक्य होतात. सायक्लोडेक्स्ट्रिन हे साखरेच्या रेणूंचं कडं तर कर्क्युमिनला पोटात घेतं: बाहेरून पाण्याशी सलगी, आतून तेलकट पाहुण्याला जागा.

या विषयात मराठी माणसंही आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेशी जोडलेले रघुनाथ माशेलकर आणि आशिष लेले हे 2012 च्या एका शोधनिबंधाचे सहलेखक. तेव्हा कॅलिफोर्नियात असलेल्या श्यानी वर्गीस यांच्या गटाबरोबरच्या या कामातलं जेल कापलं, तर आम्लात काही सेकंदांत सांधतं. आम्लता उतरवली की पुन्हा सुटतं. कळीचा मुद्दा रेणूच्या बाजूच्या हातांची लांबी. आखूड हात समोरच्यापर्यंत पोचत नाहीत, फार लांब हात आपसातच गुरफटतात.

जठरात आम्लच असतं. त्यामुळे तिथली भोकं बुजवणं आणि नेमक्या जागी औषध सोडणं, हे उपयोग संशोधकांना दिसले. हळदीचं दूध मात्र, अशी जेल कर्क्युमिनसाठी रोजच्या वापरात येईपर्यंत, जुन्याच पद्धतीने, चमच्याने ढवळूनच प्यावं लागेल.