कचऱ्यातला गॅस : धंदा आहे, पण वेळेत पकडला तर

जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या डंपिंग ग्राउंडला आग लागली आणि गोवंडी, मानखुर्द, चेंबूरच्या वस्त्यांत धूर कोंडून राहिला. १९२७ पासून तेथे कचरा पडत आला आहे. आग कशानेही लागो, तिला खुराक पुरवतो तो ढिगातला मिथेन.

ओला कचरा दबला की आत हवा पोचत नाही. हवेविना कुजताना निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगी पुरते.

तो पकडण्याची रीत सोपी दिसते. ढिगात बोअर मारून छिद्रांचे पाइप सोडायचे, भोवती खडी भरायची, वरून माती व जाड प्लास्टिकचे आवरण घालायचे आणि ब्लोअरने गॅस ओढायचा. मग तो जाळून टाका, नाहीतर इंजिनाला देऊन वीज करा. खरी मेहनत पुढे आहे. ओढ जास्त झाली तर बाहेरची हवा आत शिरते आणि ढीग आतूनच धुमसू लागतो. म्हणून प्रत्येक बोअरवर व्हॉल्व्ह हवा, ऑक्सिजन वरचेवर मोजायला हवा, पाइपात साचलेले पाणी काढायला हवे.

बोरिवलीजवळचे गोराई डंपिंग ग्राउंड २००७ अखेर बंद करून मुंबई पालिकेने हाच प्रयोग केला. आधार होता कार्बन क्रेडिटचा. एशियन डेव्हलपमेंट बँकेने त्यापोटी आगाऊ रक्कमही दिली. २००८ मध्ये युरोपच्या बाजारात हे क्रेडिट २० युरोंच्या वर होते. २०१२ अखेर त्याला एक युरोही मिळेना!

आमच्या मते भावापेक्षा मोठी अडचण आपल्या कचऱ्याची आहे. तो ओला, त्यात हवा उष्ण. कुजणे झपाट्याने होते. ढीग भरून झाकेपर्यंत बराच गॅस उडून गेलेला असतो. अशा कामात पैसा घालणाऱ्याने ढिगाची उंची पाहू नये, कचरा किती जुना ते विचारावे.

ओला कचरा ढिगावर जाण्याआधीच बंद टाकीत कुजवला, तर गॅस हातचा जात नाही आणि खतही मिळते. मात्र त्यात काच-प्लास्टिक चालत नाही. ही निवड आज कचरा वेचणारे आणि भंगारवाले करतात. प्लास्टिकचा भाव त्यांना मिळतो. मागे राहिलेल्या ओल्या मालाचा छदामही नाही.