समन्यायी म्हणजे नेमकं कोणाला?

१५ ऑक्टोबर जवळ आला की नगर-नाशिकच्या वर्तमानपत्रांत एक शब्द हमखास पहिल्या पानावर येतो: समन्यायी. खालच्या मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात किती टक्के, त्यासाठी वरच्या मुळा-भंडारदरा धरणांतून किती सोडणार, रास्ता रोको कुठे, हे सगळं वाचकांना पाठ आहे. पण पाण्याच्या भांडणाबाहेर हा शब्द तुम्हाला कधी भेटलाय? भावकीत शेताची वाटणी समन्यायी झाली, असं कोणी म्हणत नाही.

फोड सोपी आहे: सम आणि न्याय. समान नव्हे. समान म्हणजे सगळ्यांना सारखं. समन्यायी म्हणजे ज्याला त्याला रास्त वाटा. मेख पुढेच आहे. वाटा मोजायचा कशावर, जमिनीवर की माणसावर?

याचं रोखठोक उत्तर दिलं विलासराव साळुंखे यांनी. १९७२च्या दुष्काळाने हादरलेल्या या अभियंता-उद्योजकाने पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी माणशी मिळे: डोई अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. शंभर एकरवाल्यालाही तेवढंच. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जात नसे. आणि ऊस बंद! नगरसारख्या सहकारी साखर कारखानदारीच्या जिल्ह्यात हे शेवटचं कलम मोठ्याने वाचायची छाती कोणाची?

सरकारचं उत्तर वेगळं. २००५चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला तो टंचाई खोऱ्यातल्या सर्वांनी वाटून घ्यावी, असं सांगत. २०१३मध्ये मेंढेगिरी समितीने ६५ टक्क्यांची रेघ आखली: जायकवाडी त्याखाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. २०२३मध्ये जायकवाडीसाठी ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. त्यात मुळेचा वाटा २.१० आणि प्रवरा समूहाचा ३.३६. या हिशोबात धरणं आहेत, टक्के आहेत. माणूस कुठेच नाही. वरच्या धरणाने खालच्या धरणाला दिलं की न्याय झाला! खाली ते पाणी उसाला गेलं की पिण्याला, हा नगरकरांचा सवाल मला रास्त वाटतो. फक्त तोच सवाल उद्या पाथर्डीच्या कोरडवाहू शेतकऱ्याने राहुरीच्या बागायतदाराला केला, तर मोर्चे कोणत्या बाजूने निघतील?

माणसापासून मोजणारं गाव मात्र याच नगर जिल्ह्यात आहे: हिवरे बाजार दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडतं. आधी माणसांचं, जनावरांचं पिणं, मग शेती. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. पाऊस कमी झाला तर पिकं बदलायची, हे ग्रामसभेतच ठरतं.