पिकत्या इंधनाचा हिशेब

भूगर्भातील तेल एकदा जळले की संपते. उसापासून, धान्यापासून होणारे इथेनॉल दर हंगामात पुन्हा मिळते. आपल्या पेट्रोलमध्ये २०१४ साली ते शेकडा दीडच्या आसपास होते. २०२५ साली शेकडा २० झाले. ही मजल लहान नव्हे. परंतु हे माप आकारमानाचे आहे. इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश. म्हणजे २० लिटर इथेनॉल १३ लिटर पेट्रोलइतकीच उष्णता देते. शिवाय उसाला पाणी हवे. पाऊस उणा पडला, साखर अपुरी पडण्याची धास्ती वाटली, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये सरकारला उसाच्या रसापासून होणाऱ्या इथेनॉलवर बंधन घालावे लागले. म्हणून टक्क्यांशेजारी पाण्याचाही रकाना मांडला, तरच हा हिशेब खरा ठरेल.