पाणी आड आलं तर

इसवी सन १६४, २० मे. मेम्मिउस नावाचा एक मजूर सोन्याच्या खाणीत कामाला लागला. बोली झाली ती १३ नोव्हेंबरपर्यंत, ७० दिनारांची. गडी निरक्षर, म्हणून करार दुसऱ्यानं लिहून दिला. तोही कागदावर नाही, मेण थापलेल्या लाकडी फळीवर. मालकाच्या मर्जीविरुद्ध काम सोडलं, तर दिवसाला पाच सेस्टर्स दंड. आणि खाणीत पाणी भरून काम अडलं, तर तेवढ्या दिवसांची मजुरी कापायची. पाणी कोणामुळे भरलं, हा प्रश्नच नाही!

ही फळी जिथं सापडली ते गाव म्हणजे आजच्या रोमानियातलं रोशिया मोन्ताना, अपुसेनी पर्वताच्या जंगलात वसलेलं. रोमन सम्राट ट्राजाननं १०६ साली हा प्रदेश, म्हणजे डाशिया, जिंकला आणि इलिरियातले कसलेले खाणकामगार इथं आणून बसवले. रोमन लोक गावाला आल्बुर्नुस मायोर म्हणत. इथल्या सोन्यात निसर्गतःच भरपूर चांदी मिसळलेली असते. अशा मेणफळ्या सापडल्या त्या १७८६ ते १८५५ या काळात, जुन्या बोगद्यांत. मेण खराब झालं तरी टोकदार लेखणीचे ओरखडे खालच्या लाकडात उतरले होते. ते वाचता आले.

रोमनांनंतरही इथं खणणं चालूच राहिलं. शेवटची सरकारी खाण २००६ साली बंद झाली. आता डोंगर आतून चाळणीसारखा आहे, आणि कुठलं भोक कोणी पाडलं हे ठरवणं हीच तिथल्या पाहणीची खरी परीक्षा.

१९९९ पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बेआत्रिस कोवे यांच्या चमूनं ही परीक्षा दिली. ढासळलेला राडारोडा उपसायचा, पाणी काढायचं, मग भिंती वाचायच्या. गोल सुरुंगाची भोकं दिसली, तर ते काम सतराव्या शतकाच्या अलीकडचं, कारण युरोपातल्या खाणींत दारू तेव्हा आली. रोमन बोगद्याचा छेद खाली रुंद, वर अरुंद, पाटीच्या मापानं कापल्यासारखा नेटका. टिकावाच्या घावांची तिरकस रेघ पाहून खणणारा कोणत्या दिशेनं पुढं सरकला हे कळतं. भिंत गुळगुळीत, पोटासारखी आत गेलेली असेल, तर तिथं आग पेटवून खडक तडकवलेला. राखेतल्या कोळशावरून आणि आधाराच्या लाकडांतल्या वाढवलयांवरून काळ ठरतो. आणि ठिकठिकाणी दिव्यांसाठी कोरलेल्या देवळ्या! आपल्या जुन्या वाड्यातल्या भिंतीत पणतीसाठी असतात, अगदी तशा.

या कामात रोमन काळातले सुमारे सात किलोमीटर बोगदे हाती लागले. मला त्यात सर्वांत नवल वाटतं ते पारु कार्पेनी या खाणीचं. एकावर एक चार दालनं, आणि प्रत्येकात पाणी उपसायचं लाकडी चाक, पायानं चालवायचं. कोकणातला पायरहाट पाहिलेल्याला वेगळं समजवायला नको. फक्त हा पायरहाट अंधारात, डोंगराच्या पोटात. मेम्मिउसच्या करारातली ती पाण्याची अट वाचताना ही चाकं डोळ्यांपुढं येतात.

गंमत अशी, की २००१ नंतरच्या मोठ्या उत्खननाचा खर्च ज्या कंपनीनं केला, तिला हेच डोंगर फोडून, सायनाइड वापरून उघडी खाण करायची होती. त्याआधी पुरातत्त्वीय पाहणी करणं कायद्यानं बंधनकारक होतं. वाट मोकळी करायला काढलेले नकाशे या खाणीच्या विरोधकांच्या हाती आले. त्यातच २००० साली याच देशातल्या बाया मारेजवळ बांध फुटून सायनाइडचं पाणी तिसा नदीपर्यंत गेलेलं, त्याची आठवण ताजी. २०१३ मध्ये खाणीविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर उतरले. २०२१ साली युनेस्कोनं रोशिया मोन्तानाला जागतिक वारसा आणि त्याच दिवशी धोक्यातला वारसाही ठरवलं. खाण अडल्यामुळे कंपनी त्याआधीच आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली होती. २०२४ मध्ये निकाल रोमानियाच्या बाजूनं लागला. सोनं आणि चांदी अजून आतच आहे.

'रोशिया' हे नाव रोमानियन भाषेतल्या लाल रंगावरून आलेलं. खडकातल्या लोहमाक्षिकाला हवा आणि पाणी लागलं की आम्ल तयार होतं, लोह विरघळतं, आणि ओढा गंजाच्या रंगाचा होतो. खाण बंद झाली, चाकं कुजली, पण पाणी थांबलेलं नाही. ते आजही बोगद्यांतून लालसर बाहेर पडतं.